खासगी पार्किंगची नोटीस आली तर: इंग्लंड आणि वेल्समधील रजिस्टर्ड कीपरने हरकत कशी घ्यावी

इंग्लंडमध्ये किंवा वेल्समध्ये गाडी घेतल्यावर आज ना उद्या सुपरमार्केट, रिटेल पार्क, रुग्णालय किंवा जिमच्या वाहनतळाबद्दल पैसे मागणारे पत्र घरी येण्याची बरीच शक्यता असते. पत्रावर गाडीचा नंबर, आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा कॅमेऱ्याने टिपलेला फोटो, १०० पाउंडांपर्यंतची रक्कम आणि १४ दिवसांत भरल्यास ४० टक्के सवलत असा मजकूर असतो. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला हा सरकारी दंड वाटतो, आपल्या व्हिसावर याचा परिणाम होईल की काय अशी धास्ती वाटते आणि तो त्याच संध्याकाळी पैसे भरून मोकळा होतो. प्रत्यक्षात हा दंड नसून एका खासगी कंपनीने कराराच्या आधारे केलेली दिवाणी मागणी असते. ती न भरणे हा फौजदारी गुन्हा नाही.

याचा अर्थ असाही नाही की पत्र केराच्या टोपलीत टाकावे. युनायटेड किंगडमच्या सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या खटल्यात चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमधील ८५ पाउंडांचा चार्ज वैध ठरवला. तेथे दोन तास मोफत होते, गाडी ५६ मिनिटे जास्त थांबली होती आणि अटी सांगणारे फलक ठळक व जागोजागी होते. त्यामुळे ‘खासगी कंपनीला पैसे मागण्याचा अधिकारच नाही’ हा जुना सल्ला आता उपयोगाचा नाही.

मी या प्रक्रियेतून गेलो आहे आणि पुढे ओळखीच्या कुटुंबांना आलेली पत्रे वाचून त्यांची उत्तरे लिहायला मदतही केली आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. पार्किंगचा करार गाडी लावणाऱ्या चालकाशी होतो. ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो, म्हणजे रजिस्टर्ड कीपर, आपोआप देणेकरी ठरत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी कंपनीला प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट २०१२ च्या शेड्यूल ४ मधील प्रत्येक अट पाळावी लागते. १ ऑक्टोबर २०१२ पासून खासगी जमिनीवर गाडीला जॅमर लावण्यास बंदी आली आणि त्याच वेळी कंपन्यांना कीपरकडून वसुली करण्याचा हा सशर्त मार्ग मिळाला. अट चुकली की कीपरवरील दावा कोसळतो. पण हे दाखवून देण्याचे काम तुम्हालाच करावे लागते.

हाताशी ठेवायची कागदपत्रे

- गाडीचे लॉगबुक, म्हणजे व्ही५सी. त्यावरील नाव आणि पत्ता अद्ययावत असला पाहिजे.
- आलेली नोटीस, पाकिटासह. काचेवर चिठ्ठी लावली असेल तर तिचाही फोटो.
- खरेदीची पावती, रुग्णालयाच्या अपॉइंटमेंटचे पत्र, पार्किंग अ‍ॅपवरील नोंद किंवा बँकेच्या खात्यातील व्यवहार.
- वाहनतळाच्या प्रवेशद्वाराचे, फलकांचे आणि पैसे भरण्याच्या यंत्राचे फोटो. घटना रात्रीची असेल तर रात्रीच काढलेले.
- भाडेपट्टा, लीज किंवा ब्लू बॅज (दिव्यांगांसाठीचा पार्किंग परवाना), जे लागू असेल ते.
- प्रत्येक पत्राची तारीख लिहिलेली एक वही किंवा फाइल.

१. नोटीस कोणाची आहे ते आधी पाहा

पत्र कौन्सिलचे असेल, ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचे असेल किंवा पोलिसांचे असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. कौन्सिलच्या दंडाला वेगळा कायदा लागू होतो, तेथे चालक कोणीही असला तरी जबाबदारी सामान्यतः गाडीच्या मालकावर येते आणि अपील वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जाते. खासगी नोटिशीवर मात्र एखाद्या लिमिटेड कंपनीचे नाव असते आणि ब्रिटिश पार्किंग असोसिएशन (बीपीए) किंवा इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी (आयपीसी) या पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटनांपैकी एकीचे चिन्ह असते. हे चिन्ह कोणते आहे ते टिपून ठेवा, कारण दुसऱ्या टप्प्यातील अपील कोठे जाईल हे त्यावरून ठरते. या संस्थांचे सदस्यत्व नसलेल्या कंपनीला डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून, कीपरचे नाव आणि पत्ता मिळवता येत नाही.

शेड्यूल ४ फक्त इंग्लंड आणि वेल्समधील जमिनीला लागू आहे. घटना स्कॉटलंडमधील किंवा उत्तर आयर्लंडमधील असेल तर या शेड्यूलच्या आधारे कीपरकडे पैसे मागता येत नाहीत.

२. गाडी कोण चालवत होते हे लिहू नका

बहुतेक प्रकरणे याच ठिकाणी हातची जातात. ‘मी दुकानात गेलो होतो, रांग मोठी होती, परत यायला उशीर झाला’ असे एक वाक्य लिहिले की चालक कोण हे कंपनीला कळते आणि शेड्यूल ४ च्या अटी पाळल्या की नाही हा प्रश्नच उरत नाही. त्याऐवजी ‘चालकाने गाडी लावली’, ‘गाडीतील व्यक्तींनी खरेदी केली’ अशी रचना सर्वत्र ठेवा. पतीने, पत्नीने, मुलाने किंवा भारतातून आलेल्या पाहुण्याने गाडी चालवली असेल तरीही हाच नियम पाळा आणि फोनवर बोलणे टाळा, कारण बोलण्याच्या ओघात ‘मी’ सहज निघून जातो.

कंपनीच्या ऑनलाइन फॉर्मवर तुमचे गाडीशी नाते विचारतात आणि चालक, रजिस्टर्ड कीपर, गाडी भाड्याने घेणारा असे पर्याय देतात. येथे ‘रजिस्टर्ड कीपर’ निवडा. एखादा फॉर्म चालकाचे नाव भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नसेल तर तो सोडून द्या आणि हरकत पोस्टाने पाठवा; पोस्ट ऑफिसच्या खिडकीवर पत्र पाठवल्याचा दाखला मोफत मिळतो.

यात काही लपवाछपवी आहे असे वाटून संकोच करू नका. रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट १९८८ च्या कलम १७२ नुसार पोलिसांनी विचारल्यावर चालकाचे नाव सांगावेच लागते, पण खासगी पार्किंग कंपनीला तसा अधिकार कायद्याने दिलेला नाही. नाव न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. चालक दुसराच होता असे खोटे कधीही लिहू नका, कारण प्रकरण कोर्टात गेले तर प्रत्येक निवेदनाखाली सत्यतेची सही करावी लागते.

३. तारखा मोजा

हे काम कॅलेंडर समोर ठेवून, कागदावर लिहून करा. नोटीस दोनपैकी एका मार्गाने येते आणि दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत.

पहिला मार्ग केवळ कॅमेऱ्याचा. काचेवर काहीही लावलेले नसते आणि थेट पोस्टाने पत्र येते. अशा वेळी पार्किंग संपले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत नोटीस कीपरला ‘दिलेली’ असली पाहिजे. ‘दिलेली’ म्हणजे नुसती छापलेली किंवा टाकलेली नव्हे. पोस्टाने पाठवलेली नोटीस, टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोहोचली असे कायदा गृहीत धरतो आणि शनिवार, रविवार व बँक हॉलिडे त्यात मोजत नाही. समजा, गाडी सोमवार, २ मार्च २०२६ रोजी उभी होती. मोजणी ३ मार्चपासून सुरू होते आणि चौदावा दिवस सोमवार, १६ मार्च हा येतो. नोटीस गुरुवार, १२ मार्च रोजी टाकली असेल तर शुक्रवार पहिला आणि सोमवार दुसरा कामकाजाचा दिवस, म्हणजे ती जेमतेम वेळेत आहे. शुक्रवार, १३ मार्च रोजी टाकली असेल तर ती मंगळवारी, १७ तारखेला पोहोचली असे धरले जाते आणि मुदत हुकते. पत्रावर छापलेली तारीख ही पोस्टात टाकल्याची तारीख असतेच असे नाही, म्हणून काठावरच्या प्रकरणात पत्र प्रत्यक्ष केव्हा टाकले याचा पुरावा कंपनीकडे मागा.

दुसरा मार्ग काचेवरील चिठ्ठीचा. ती चालकासाठी असते. त्यानंतर पहिले २८ दिवस जाऊ द्यावे लागतात आणि पुढच्या २८ दिवसांतच कीपरला नोटीस द्यावी लागते. वरच्याच उदाहरणात २ मार्च रोजी चिठ्ठी लावली असेल तर कीपरची नोटीस ३१ मार्च ते २७ एप्रिल या काळातच आली पाहिजे. ती आधी आली तरी चूक आणि नंतर आली तरी चूक. चिठ्ठी दिसताच घाईघाईने कंपनीला लिहिल्यास तुम्ही आपण होऊन नाव आणि पत्ता देता, आणि बहुधा चालक असल्याची कबुलीही. कीपरच्या नावाने हरकत घ्यायची असेल तर पोस्टाने येणाऱ्या नोटिशीची वाट पाहणे मला अधिक योग्य वाटते, मात्र या मार्गात सवलतीची मुदत निघून जाते हे समजून निर्णय घ्या.

गाडी जुनी घेतली असेल किंवा घर बदलले असेल तर नोटीस आधी जुन्या नावावर वा पत्त्यावर गेलेली असू शकते. पत्ता बदलल्यावर डीव्हीएलएला कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीचा पत्ता ड्रायव्हिंग लायसन्सच्या पत्त्याबरोबर आपोआप बदलत नाही, दोन्ही वेगवेगळे बदलावे लागतात. नव्या माणसांचे सर्वांत मोठे नुकसान या एका दुर्लक्षाने होते, कारण पुढे कोर्टाची कागदपत्रेसुद्धा त्याच जुन्या पत्त्यावर जातात.

४. नोटिशीचा मजकूर आणि जमीन तपासा

शेड्यूल ४ च्या परिच्छेद ९ मध्ये (काचेवर चिठ्ठी असेल तर परिच्छेद ८ मध्ये) नोटिशीत काय असले पाहिजे याची यादी आहे. गाडी, जमीन आणि पार्किंगचा कालावधी नमूद हवा. चालकाचे नाव व पत्ता कंपनीला ठाऊक नाही असे सांगून, पैसे भरावेत किंवा चालकाचे नाव व पत्ता कळवावा असे कीपरला आवाहन हवे. आणि २८ दिवसांनंतर कीपरकडून वसुलीचा अधिकार निर्माण होईल असा स्पष्ट इशारा हवा. हा शेवटचा इशारा आधी शोधा. कंपनीने मुदत चुकवलेली असली की पुष्कळदा त्याच्याऐवजी ‘तुम्हीच चालक होता असे आम्ही मानतो’ अशा धर्तीचे वाक्य सापडते. कीपर म्हणजेच चालक असे गृहीत धरण्याची सोय या कायद्यात नाही.

कालावधीकडेही बारकाईने पाहा. कॅमेरा आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ टिपतो; त्यात जागा शोधण्याचा, फलक वाचण्याचा आणि बाहेर पडताना रांगेत थांबण्याचा वेळही धरलेला असतो.

जमिनीचा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही. सार्वजनिक रस्ते आणि जेथील पार्किंग स्वतंत्र कायद्याने किंवा उपविधींनी नियंत्रित आहे अशी जमीन शेड्यूल ४ च्या कक्षेबाहेर आहे. विमानतळ, रेल्वे स्थानके आणि बंदरे यांच्या अनेक जागा यात मोडतात. आई-वडिलांना आणायला हीथ्रोला जाणाऱ्यांना याचा उपयोग होतो, कारण त्या विमानतळाला स्वतःचे उपविधी आहेत. तेथील खासगी नोटिशीविरुद्ध ‘ही जमीन शेड्यूल ४ मध्ये येत नाही, त्यामुळे कीपर जबाबदार नाही’ हा मुद्दा आवर्जून मांडावा. रेल्वेच्या जागेबाबत मात्र थोडी सावधगिरी हवी: नोटिशीत उपविधींचा भंग म्हणून फौजदारी कारवाईचा उल्लेख असेल तर ते प्रकरण वेगळे असते आणि त्यासाठी मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइससारख्या संस्थेकडे सल्ला घ्यावा.

५. इतर मुद्दे जोडा

केवळ तारखांवर विसंबू नका. फलक प्रवेशद्वारापाशी नव्हते, अक्षरे बारीक होती किंवा अंधारात दिसत नव्हती, तर फोटो जोडा. बीपीए आणि आयपीसी यांनी जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाईक आचारसंहितेत अटी वाचून निर्णय घेण्यासाठी सुरुवातीचा काही वेळ आणि मुदत संपल्यावर सर्वसाधारणपणे १० मिनिटांची सवड दिलेली आहे. यंत्रावर गाडीचा नंबर टाइप करताना एखादे अक्षर चुकले पण पैसे भरलेले होते, तर पावती दाखवल्यावर असा चार्ज रद्द व्हायला हवा. राहत्या इमारतीच्या पार्किंगमध्ये नोटीस आली असेल तर आधी स्वतःचे लीज वाचा. त्यात पार्किंगचा हक्क दिलेला असेल तर नंतर आलेल्या कंपनीला केवळ फलक लावून तो काढून घेता येत नाही. दिव्यांग व्यक्तीला जास्त वेळ लागला असेल तर इक्वालिटी अ‍ॅक्ट २०१० चा आधार घ्या. जमीनमालकाने कंपनीला नोटिसा देण्याचा लेखी अधिकार दिला आहे का, हेही विचारा.

६. दुकानाला किंवा जमीनमालकाला लिहा

खरे गिऱ्हाईक असाल तर सर्वांत लवकर फळ देणारा मार्ग हाच आहे. पावती घेऊन दुकानाच्या व्यवस्थापकाला भेटा, आणि त्याने हात वर केले तर मुख्य कार्यालयाला किंवा रिटेल पार्कच्या व्यवस्थापनाला ईमेल करा. पार्किंग कंपनी त्यांनीच नेमलेली असते आणि त्यांच्या एका सूचनेवर नोटीस रद्द होऊ शकते. येथेही ‘चालकाने’ असेच लिहा.

७. कंपनीकडे हरकत पाठवा

नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत हरकत जायला हवी. पत्र इंग्रजीत आणि थोडक्यात असावे. आशय असा ठेवा: मी या गाडीचा रजिस्टर्ड कीपर आहे. मी हा चार्ज नाकारतो. तुमची नोटीस शेड्यूल ४ च्या अमुक परिच्छेदातील अमुक अट पूर्ण करत नाही, त्यामुळे माझ्यावर जबाबदारी येत नाही. चालकाची ओळख मी देत नाही आणि तसे करण्याचे कायदेशीर बंधन माझ्यावर नाही. चार्ज रद्द करावा, अन्यथा स्वतंत्र अपिलासाठी लागणारा तपशील पाठवावा. त्यानंतर क्रमांक ५ मधील मुद्दे लिहा आणि पुराव्याच्या प्रती जोडा. मूळ कागद कधीही पाठवू नका.

सवलतीच्या १४ दिवसांत हरकत घेतली असेल आणि ती फेटाळली गेली, तर सवलतीचा दर पुन्हा काही दिवस खुला आहे का ते उत्तरात पाहा. सर्व अटी पाळलेल्या आहेत, फलक ठळक आहेत आणि तुमच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे शांतपणे वाचल्यावर दिसले, तर सवलतीत पैसे भरून प्रकरण मिटवणे शहाणपणाचे आहे. प्रत्येक नोटीस लढवण्याजोगी नसते.

८. स्वतंत्र अपील: पॉपला किंवा आयएएस

कंपनी बीपीएची सदस्य असेल तर नकाराच्या पत्रात पॉपला या स्वतंत्र अपील सेवेचा दहा आकडी कोड मिळतो, आयपीसीची असेल तर अपील इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिसकडे, म्हणजे आयएएसकडे, जाते. पॉपलाकडे २८ दिवसांची मुदत असते, आयएएसची मुदत नकाराच्या पत्रात पाहा. पॉपलाकडे अपील मोफत आहे आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. म्हणून येथे हरलात तरी कोर्टात बाजू मांडण्याचा हक्क कायम राहतो, सवलत मात्र गेलेली असते.

येथे अपील सविस्तर लिहा, प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र शीर्षक द्या आणि तारखांचा हिशेब कोष्टकात मांडा. कंपनीने पुरावा सादर केल्यावर पॉपला तुम्हाला त्यावर थोड्या दिवसांत टिप्पणी करू देते. कंपनीने ज्या मुद्द्याला उत्तरच दिलेले नाही तो तेथे दाखवून द्या. ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज पाहा, कारण ही संधी एकदाच मिळते.

९. गाडी भाड्याची किंवा लीजवरची असेल तर

अशा गाडीची रजिस्टर्ड कीपर ती भाडे कंपनी असते. ती २८ दिवसांत तुमचे नाव, भाडेकराराची प्रत आणि तुमच्या सहीचे जबाबदारीपत्र देऊन स्वतःची सुटका करून घेऊ शकते. त्यानंतर पार्किंग कंपनीने २१ दिवसांत तुम्हाला नोटीस दिली पाहिजे आणि त्या कागदांच्या प्रती सोबत जोडल्या पाहिजेत. प्रती जोडलेल्या नसतील तर तोच तुमचा पहिला मुद्दा. भाडे कंपनीने परस्पर पैसे भरून तुमच्या कार्डावरून वळते करू नयेत, यासाठी नोटिशीची कुणकुण लागताच तिला लेखी कळवा.

१०. वसुली एजन्सीची पत्रे

आता लाल अक्षरांतील पत्रे येऊ लागतात आणि रकमेत ७० पाउंडांपर्यंत भर पडलेली असते. या एजन्सी म्हणजे कोर्टाचे बेलीफ, म्हणजे वसुली अधिकारी, नव्हेत; त्यांना घरात शिरण्याचा किंवा वस्तू नेण्याचा अधिकार नाही. शिवाय शेड्यूल ४ च्या परिच्छेद ४ नुसार कीपरकडून वसूल होणारी रक्कम नोटिशीत लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. पत्रे फाइलला लावा, फोन घेऊ नका.

११. लेटर ऑफ क्लेम आणि कोर्टाची कागदपत्रे

‘लेटर ऑफ क्लेम’ (कोर्टात दावा करण्यापूर्वीची औपचारिक सूचना) असे शीर्षक असलेले पत्र मात्र वेगळे आहे. त्याला ३० दिवसांत लेखी उत्तर द्या, दावा नाकारा आणि कंपनीजवळचे पुरावे मागवा. तुमच्याबद्दलची सर्व माहिती व फोटो मागण्याचा हक्क डेटा संरक्षण कायद्यानेही दिलेला आहे.

त्यानंतर कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर घड्याळ सुरू झाले असे समजा. फॉर्मवरील इश्यू डेटनंतर, म्हणजे कोर्टाने तो काढल्याच्या तारखेनंतर, पाचव्या दिवशी तो तुम्हाला मिळाला असे धरतात. तेथून १४ दिवसांत ‘अक्नॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस’ (फॉर्म मिळाल्याची पोच) ऑनलाइन भरा, त्यामुळे बचावाचे निवेदन देण्यासाठी एकूण २८ दिवस मिळतात. बचावात पहिला मुद्दा हाच ठेवा की प्रतिवादी रजिस्टर्ड कीपर आहे, चालक कोण होता हे वादीने सिद्ध केलेले नाही आणि शेड्यूल ४ ची पूर्तता झालेली नाही. पुढे डायरेक्शन्स क्वेश्चनेअर, म्हणजे सुनावणीच्या तयारीसाठीची कोर्टाची प्रश्नावली, येते, त्यात सुनावणीसाठी घराजवळचे कोर्ट मागा. मे २०२४ पासून अशा लहान पैशांच्या दाव्यांत फोनवरील मोफत मध्यस्थी सक्तीची आहे. त्या फोनला हजर राहा, पण तडजोड करण्याचे बंधन नाही. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांत, हरलेल्या पक्षावर वकिलाचा पूर्ण खर्च सहसा पडत नाही, त्यामुळे सुनावणीच्या नुसत्या भीतीने माघार घेऊ नका.

उत्तर न दिल्यास एकतर्फी निकाल लागतो, म्हणजे सीसीजे (काउंटी कोर्ट जजमेंट). निकालापासून एक महिन्यात पूर्ण रक्कम भरली तर नोंद काढून टाकली जाते, नाहीतर ती सहा वर्षे राहते आणि कर्ज, मोबाइलचा करार, भाड्याचे घर या सगळ्यांत अडथळा आणते. जुन्या पत्त्यावर कागद गेल्यामुळे असा निकाल लागल्याचे उशिरा कळले, तर वेळ न घालवता एन २४४ या फॉर्मने तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. अर्जाला शुल्क लागते, उत्पन्न कमी असल्यास त्यात माफी मागता येते. अर्जासोबत त्या तारखेला तुम्ही दुसरीकडे राहत होता याचा पुरावा, जसे कौन्सिल टॅक्सचे बिल किंवा भाडेकरार, आणि बचावाचा मसुदा जोडावा.